तोंड वाकडं झालंय? आधी डोळा सांभाळा

वाचकाचं पत्र : मी ४१ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पाच वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. तीन आठवड्यांपूर्वी रात्रीच्या एसटीने खिडकीपाशी बसून आले. सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून सांडलं. आरशात पाहिलं तर तोंड उजवीकडे ओढलेलं आणि डावा डोळा मिटेना. आदल्या दिवशी डाव्या कानामागे ठणकत होतं. सासूबाई म्हणाल्या, वारं लागलं. त्यांनी ओव्याच्या पुरचुंडीने शेकलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांनी बेल्स पाल्सी सांगून स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. चार दिवसांत साखर २८० च्या वर गेली, एका नातेवाइकांनी घाबरवलं आणि मी गोळ्या बंद केल्या. आता रोज करंट घेते, च्युइंगम चघळते, फुगे फुगवते. डोळा चुरचुरतो म्हणून गुलाबपाणी घालते. परवा हसताना डावा गाल किंचित हलल्यासारखा वाटला, पण भास असेल. मिस्टर म्हणतात एमआरआय काढून टाकू. हा लकवाच आहे का? पूर्ण बरं होईल का? करंट किती दिवस घ्यायचा? आणि या तोंडाने वर्गात कसं उभं राहू?
— एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर :

ताई, तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत. पण पत्र वाचताना मी थबकलो ते अशा वाक्यापाशी, जिथे तुम्ही काही विचारलेलंच नाही : ‘डोळा चुरचुरतो म्हणून गुलाबपाणी घालते.’ बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे, डोळ्याला नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

चेहऱ्याची नस अशक्त झाली की पापणी मिटत नाही. आपण दिवसभरात हजारो वेळा पापणी लववतो आणि प्रत्येक वेळी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, अश्रूंचा पातळ थर पसरतो. तुमच्या डाव्या डोळ्यात तो थर नीट पसरत नाही. वारा, धूळ, पंखा आणि शाळेतला खडू थेट त्या पडद्यावर येतात. डोळ्यातून पाणी वाहतंय, मग कोरडा कसा, असं पुष्कळ जण विचारतात. खालची पापणी सैल पडल्यामुळे पाणी गालावर ओघळतं, बुबुळावर टिकत नाही. कोरडेपणा वाढला की कॉर्नियावर ओरखडे येतात, त्यात जंतू शिरले तर फूल पडतं. चेहरा सुधारला तरी डोळ्यावरचा तो डाग मागे राहू शकतो. तोंडाचं वाकडेपण बहुतेकांचं जातं. गेलेली नजर मात्र परत आणणं फार अवघड असतं.

गुलाबपाणी आजपासून बंद करा. ते निर्जंतुक नसतं, त्यात अनेकदा सुगंधी द्रव्यं असतात, आणि ओलावा टिकवण्याचा गुण तर त्यात नसतोच. त्याऐवजी कृत्रिम अश्रूंचे थेंब आणा. कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजचे थेंब कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. जागेपणी दर एक-दोन तासांनी एक थेंब. इतक्या वेळा घालायचे आहेत, तेव्हा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मिळाले तर उत्तम. दुकानदाराने ‘लाली जायला’ म्हणून दुसरं काही पुढे केलं तर घेऊ नका. त्यात स्टिरॉइड असेल आणि डोळ्याला जंतुसंसर्ग झालेला असेल, तर नुकसान भरून येत नाही.

रात्री थेंब पुरत नाहीत. झोपताना डोळ्यात घालायचं वंगण-मलम लावायचं, बोटाच्या मागच्या बाजूने पापणी अलगद खाली आणून पूर्ण मिटायची आणि कागदी चिकटपट्टी (मायक्रोपोर) वरच्या पापणीवरून लावायची. क्रम चुकवू नका : आधी पापणी मिटलेली हवी, मग पट्टी. उघड्या डोळ्यावर कापूस किंवा गॉजची घडी ठेवून वरून पट्टी मारली, तर ती घडीच रात्रभर बुबुळावर घासत राहते. पहिल्यांदा एखाद्या परिचारिकेकडून किंवा नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्या आणि मिस्टरांना ते शिकून घ्यायला सांगा. मिटलेली पापणी स्वतःला दिसत नाही, त्यामुळे हे काम दुसऱ्याच्या हातून नीट होतं. दिवसा बाहेर पडताना साधा, बाजूंनी झाकणारा चष्मा लावा. दुचाकीवर मागे बसतानाही.

या आठवड्यात एकदा नेत्रतज्ज्ञांना दाखवाच. ते डोळ्यात पिवळसर-केशरी रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पाहतात, त्यात ओरखडे लगेच दिसतात. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा नजर धूसर झाली, तर मात्र आठवड्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी जायचं. तुम्हाला मधुमेह आहे. मधुमेहात कॉर्नियाची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून ‘फार दुखत नाही’ यावर विसंबू नका.

आता तुमचा पहिला प्रश्न. हा लकवाच का? आपल्याकडे हात-पाय लुळे पडले तरी लकवा म्हणतात आणि तोंड वाकडं झालं तरी लकवाच म्हणतात. त्यामुळे घरात एकच घबराट होते. मेंदूतल्या रक्तपुरवठ्याचा आजार वेगळा आणि चेहऱ्याच्या नसेचा आजार वेगळा. डॉक्टरांनी सांगितलेली बेल्स पाल्सी या दुसऱ्यातली, चेहऱ्याची नस अचानक सुजून दुबळी होते ती. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी सातवी जोडी चेहऱ्याचे स्नायू चालवते. ही नस कानाच्या हाडातल्या एका लांब, अरुंद नळीतून वाट काढत कानाखाली बाहेर येते. त्या नळीचा सगळ्यात चिंचोळा भाग एक मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद असतो. नसेला सूज आली की हाड काही ताणलं जात नाही, मग नस दाबली जाते. तुमच्या कानामागे आदल्या दिवशी ठणकलं, त्याचा संबंध इथे आहे. याच नसेतून जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाला चव कळते आणि कानातल्या एका चिमुकल्या स्नायूला, जो मोठा आवाज मंद करतो, तिचाच धागा जातो. म्हणून काहींना जेवण अळणी लागतं, आणि कुकरची शिट्टी किंवा शाळेची घंटा त्या कानाला असह्य होते. तुम्हालाही असं होत असेल तर नवा आजार समजून घाबरू नका.

पक्षाघात आणि हा आजार वेगळे ओळखण्याची मोठी खूण कपाळावर असते. मेंदूचे दोन्ही अर्धगोल कपाळाला हुकूम देतात. त्यामुळे मेंदूच्या एका बाजूला इजा झाली, तर ओठाचा कोपरा लोंबतो, पण भुवई उचलता येते आणि कपाळावर आठ्या पडतात. नस कानापाशी दाबली गेली तर मात्र कपाळापासून ओठापर्यंत अर्धा चेहरा सपाट होतो, डोळाही मिटत नाही. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं. पण ही खूण घरी बसून निर्धास्त होण्यासाठी नाही. मेंदूच्या मुळाशी इजा झाली तर तिथेही अख्खी अर्धी बाजू जाऊ शकते, फक्त सोबत एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, हात-पाय जड होणं असं काही असतं. म्हणून अचानक तोंड वाकडं झालेल्या कुणालाही प्रथम दवाखान्यातच न्यायचं. जीभ जड झाली, हात उचलेना, चालताना कोलमडायला झालं तर १०८ ला फोन करायचा आणि ज्या मोठ्या रुग्णालयात सीटी स्कॅनची सोय आहे तिथेच जायचं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ते तास ओव्याच्या शेकात किंवा गावातल्या जाणत्यांना दाखवण्यात जाऊ नयेत.

वाऱ्याबद्दल दोन शब्द. तुमच्या सासूबाईंनी जे केलं ते मायेनं केलं, आणि ओव्याच्या हलक्या शेकाने कानामागचं दुखणं तात्पुरतं हलकं होतं, हेही खरं. पण खिडकीच्या वाऱ्याने नस बंद पडत नाही. आपल्या शरीरात वर्षानुवर्षं सुप्त पडून राहिलेला, ओठांवर पुळ्या आणणारा नागिणीच्या कुळातला विषाणू पुन्हा जागा होतो आणि नसेला सूज आणतो, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. १९९६ मध्ये जपानमधल्या डॉक्टरांना अशा रुग्णांच्या नसेभोवतीच्या द्रवात त्या विषाणूचा अंश सापडला होता. मधुमेहात आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हा आजार जास्त दिसतो. शेक घ्यायचाच असेल तर कोमट आणि कानामागेच. गालावर, डोळ्यापाशी गरम पुरचुंडी नको.

‘बेल्स पाल्सी’ हे निदान बाकीची कारणं बाजूला सारल्यावरच करायचं असतं. त्यामुळे पुढच्या भेटीत डॉक्टरांनी काय काय पाहिलं ते विचारायला संकोचू नका. कानात दुर्बिणीने पाहिलं का? जुना वाहता कान असेल तर हाड कुरतडणारा आजार नसेपर्यंत पोहोचलेला असू शकतो, आणि तिथे शस्त्रक्रिया लांबवून चालत नाही. कानाच्या पाळीत, कानाच्या भोकात किंवा टाळूवर पाण्याचे फोड होते का? असतील तर ती कानाची नागीण. अमेरिकी डॉक्टर रॅम्से हंट यांनी १९०७ साली तिचं वर्णन केलं. तिथे विषाणूविरोधी गोळ्याही लागतात, आणि बरं होण्याचं प्रमाण थोडं कमी असतं. कानासमोर, गालाच्या मागच्या भागात गाठ लागते का? आणि आपल्या राज्यात विसरू नये असा एक प्रश्न : चेहऱ्यावर किंवा अंगावर बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा आहे का? कुष्ठरोगात चेहऱ्याच्या नसेची डोळ्याकडे जाणारी फांदी आजाराच्या तावडीत सापडू शकते, आणि मग फक्त पापणी मिटत नाही, तोंड मात्र सरळ असतं. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. तुमचं तसं काही दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं असेल म्हणून लिहितो.

आता स्टिरॉइड. इथे मला स्पष्ट बोलायला हवं, कारण या गोळ्यांची भीती घरोघर आहे आणि त्या भीतीची किंमत चेहऱ्याला मोजावी लागते. या आजारात ज्या औषधाचा उपयोग नीट सिद्ध झालेला आहे, ते हेच. स्कॉटलंडमध्ये पाचशेहून अधिक रुग्णांवर एक काटेकोर चाचणी झाली, २००७ साली तिचे निष्कर्ष आले. तीन दिवसांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू करून दहा दिवस घेतलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी ९४.४ टक्के लोक पूर्ण बरे झाले. न घेतलेल्यांत ते प्रमाण ८१.६ टक्के होतं. विषाणूविरोधी गोळीचा वेगळा फायदा त्या चाचणीत दिसला नाही. दहा दिवसांच्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होत नाहीत, सवय लागत नाही. वर्षानुवर्षं घेण्याची गोष्ट वेगळी, आणि नातेवाइकांनी तुम्हाला बहुधा तिचीच भीती घातली.

साखर मात्र वाढते, आणि मधुमेहात चांगलीच वाढते. यावर उपाय गोळ्या बंद करणं हा नव्हता. त्या दहा दिवसांत साखर रोज तपासायची आणि वाढेल तसा मधुमेहाचा डोस, वेळ पडली तर थोड्या दिवसांसाठी इन्सुलिन, डॉक्टरांनी ठरवायचं. गोळ्या देतानाच हे तुम्हाला सांगितलं गेलं असतं, तर तुम्ही त्या बंद केल्या नसत्या. यात तुमचा दोष मला दिसत नाही. आता तीन आठवड्यांनी त्याच गोळ्या पुन्हा सुरू करून उपयोग नाही, म्हणून स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नका. सुरुवातीचे चार दिवस, सूज जोरात असताना, औषध पोटात गेलं, ते काही वाया गेलेलं नाही. साखर आता कुठे आहे ते मात्र तपासून घ्या. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, एकदा करा. तुम्ही मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेत असाल, तर बी१२ जीवनसत्त्वही तपासा. या गोळीने ते कमी होऊ शकतं, आणि कमी असेल तर इंजेक्शनं घ्यायला अर्थ आहे. सरसकट सगळ्यांना दिली जाणारी बी१२ ची इंजेक्शनं चेहऱ्याची नस लवकर जोडतात, असं मात्र समजू नका.

पूर्ण बरं होईल का? तुमचं पत्र वाचून मला चांगली आशा वाटते, आणि त्याचं कारण तुम्ही जो ‘भास’ म्हणता तोच आहे. डेन्मार्कमध्ये पीटरसन या डॉक्टरांनी पंचवीस वर्षं अशा रुग्णांचा माग ठेवला. त्या काळात त्यांना कुठलंही औषध दिलेलं नव्हतं, त्यामुळे आजाराची स्वतःची चाल त्यातून कळली. सतराशेच्या आसपास रुग्णांपैकी ८५ टक्क्यांच्या चेहऱ्यात तीन आठवड्यांच्या आत थोडी तरी हालचाल परतली. ज्यांची परतली नाही, त्यांचीही पुढच्या तीन-पाच महिन्यांत परतली. एकूण ७१ टक्के लोक काहीही न करता पूर्ववत झाले. ज्यांचा चेहरा पूर्ण गेलेला नव्हता, थोडी हालचाल शिल्लक होती, त्यांच्यात हे प्रमाण ९४ टक्के होतं. तिसऱ्या आठवड्यात गालाची किंचित हालचाल दिसणं ही चांगली खूण आहे. मधुमेहात सुधारणा थोडी सावकाश होऊ शकते, तेवढी सवड ठेवा.

भास आहे की खरं, हे ठरवायला आरशासमोर रोज अर्धा तास घालवू नका. त्याने मन खचतं, बाकी काही होत नाही. दर रविवारी, त्याच खिडकीजवळ, मिस्टरांना मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढायला सांगा. स्वस्थ चेहरा, भुवया वर, डोळे अलगद मिटलेले, डोळे घट्ट मिटलेले, नाक मुरडलेलं, दात दाखवून हसणं, ओठांचा चंबू. डॉक्टरही हेच पाहतात आणि सहा पायऱ्यांच्या एका मोजपट्टीवर नोंद करतात. हाउस आणि ब्रॅकमन या दोघांच्या नावाने ती ओळखली जाते, १९८५ पासून जगभर वापरात आहे. पहिली पायरी म्हणजे पूर्ण निरोगी, सहावी म्हणजे हालचाल शून्य. जोर लावून डोळा पूर्ण मिटला तर तिसरी, जोर लावूनही फट राहिली तर चौथी किंवा त्यापुढची. तुमची पायरी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी तुलना करता येईल. ‘थोडा फरक आहे’ एवढ्या नोंदीवरून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

आता करंट, च्युइंगम आणि फुगे. हे तिन्ही बंद करा, असं माझं मत आहे, आणि कारणही सांगतो.

च्युइंगम चघळताना जे स्नायू काम करतात, ते जबड्याचे. त्यांना पाचवी नस चालवते, सातवी नाही. तुमची पाचवी नस धडधाकट आहे. म्हणजे दिवसभर चघळून तुम्ही न बिघडलेल्या स्नायूंना दमवताय. फुगा फुगवताना चांगली बाजू सगळं काम ओढून घेते, दुबळा गाल नुसता ताणला जातो. शंख वाजवा म्हणून कुणी सांगेल, त्यालाही हेच उत्तर.

विजेच्या करंटने ही नस लवकर बरी होते, असा विश्वासार्ह पुरावा आजवर मिळालेला नाही. सुधारणा त्याच काळात आपसूक होत असते आणि श्रेय यंत्राला जातं. नुसते पैसे जातात एवढंच असतं तर मी इतका आग्रह धरला नसता. नस पुन्हा वाढताना जे घडतं, त्याची मला काळजी आहे. नसेचे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुढे सरकतात. कानापासून ओठांपर्यंत दहा-बारा सेंटिमीटर अंतर धरलं, तर तीन-चार महिने का लागतात ते लक्षात येईल. या प्रवासात काही तंतू वाट चुकतात. घराचं वायरिंग दुरुस्त करताना तारा अदलाबदल झाल्या की पंख्याचं बटण दाबावं आणि दिवा लागावा, तसं होतं. ओठाकडे जायचा तंतू पापणीत जातो, मग हसताना डोळा बारीक होतो, किंवा डोळा मिटताना ओठाचा कोपरा उचलला जातो. एकदा हा घोटाळा पक्का बसला की तो सोडवायला महिने लागतात. जोरजोराने तोंड वेडंवाकडं करणं, एकदम सगळा चेहरा आवळणं, करंटने सगळे स्नायू एकत्र उडवणं, याने अशा जोडगोळीच्या हालचालींना खतपाणी मिळतं, अशी शंका अनेक तज्ज्ञांना आहे. फायदा सिद्ध नाही आणि तोट्याची शंका आहे, तर घ्यायचा कशाला?

फिजिओथेरपिस्टकडे जाणं मात्र सोडू नका. त्यांना सांगा, यंत्र बाजूला ठेवून मला आरशासमोरचे सावकाश व्यायाम शिकवा. चेहऱ्याच्या पुनर्शिक्षणाचं हे शास्त्र चांगलं विकसित झालेलं आहे. नेदरलँड्समध्ये तर मूकाभिनय करणारे कलावंत आणि डॉक्टर यांनी मिळून त्याची पद्धत बसवली. त्यातला गाभा असा की हालचाल लहान, संथ आणि दोन्ही बाजूंनी सारखी हवी. उजवा ओठ जास्त पळतो, तर त्याला बोटाने थोपवा आणि डावा जेवढा येईल तेवढाच येऊ द्या. ओठ हलवताना डोळ्याकडे लक्ष ठेवा. डोळा बारीक व्हायला लागला की तिथेच थांबा, हालचाल आणखी लहान करा. एक क्रिया पाच-सहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, पुरे. ज्या स्नायूत अजून हालचालच नाही, तिथे जोर लावू नका. बोटांनी गाल ओठाच्या कोपऱ्यापासून कानाकडे वर हलकेच चोळा, खाली ओढू नका.

एमआरआयची सध्या गरज दिसत नाही. तुमचं तोंड एका रात्रीत वाकडं झालं, अर्धा चेहरा सारखा गेला, आणि आता सुधारणेची चिन्हं आहेत. अशा वेळी एमआरआयमधून उपचार बदलत नाही. तो केव्हा काढायचा? आठवड्यांमागून आठवडे दुबळेपणा वाढतच गेला तर. त्याच बाजूचं ऐकू कमी आलं, गाल बधिर झाला, एकाचे दोन दिसू लागले तर. कानासमोर गाठ लागली तर. त्याच बाजूला पुन्हा झटका आला तर. आणि तीन महिने उलटूनही हालचालीचा मागमूस नसेल तर. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर तो वेगळाच आजार समजून तातडीने तपासायचा. नसेची विजेवरची तपासणी पूर्ण लुळ्या चेहऱ्यात पहिल्या दोन आठवड्यांत उपयोगाची, ती वेळ तुमच्याबाबतीत गेली, आणि आता तिच्यावाचून अडलेलंही नाही. मिस्टरांना सांगा, ते पैसे नेत्रतज्ज्ञ आणि फिजिओ यांच्यासाठी ठेवा.

क्वचित काही उरलंच तर पुढचे मार्ग आहेत. हसताना डोळा मिटत असेल तर त्या स्नायूत अगदी थोडं बोटुलिनम इंजेक्शन देऊन तो सैलावता येतो. पापणी मिटतच नसेल तर तिच्यात सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं छोटं वजन बसवतात. कानशिलाचा स्नायू वळवून पापणी किंवा ओठ हलते करता येतात. अशा शस्त्रक्रियांची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्यात कुष्ठरुग्णांचे चेहरे आणि हात सावरण्याचं मोठं काम केलं. पण हा विषय तुमच्यासाठी आज नाही. वर्षभराने काही शिल्लक राहिलं तर तेव्हा बोलू. लकवा बरा व्हावा म्हणून लोक जातात त्या राजस्थानातल्या बुटाटी धामला जायला कुणी सुचवलं असेल, किंवा कुणी देवाचं काही करायला सांगत असेल, तर श्रद्धा म्हणून जरूर जा. फक्त प्रवासात थेंब, मलम आणि पट्टी बरोबर ठेवा आणि औषधं चुकवू नका. कबुतराचं मांस किंवा रक्त घेण्याचा सल्ला मात्र कुणी दिला तरी ऐकू नका.

खाण्यापिण्याचं थोडं. घास उजव्या बाजूने चावा. डाव्या गालात आणि हिरडीत अन्न अडकून राहतं आणि कळतही नाही. जेवणानंतर चूळ भरून एकदा बोट फिरवून पाहा, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत दातांचं दुखणं मागे लागेल. चहा लहान कपातून, डाव्या ओठाला बोटाचा हलका आधार देऊन प्या.

आणि शाळा. प, फ, ब, भ, म हे उच्चार ओठांचे, ते सध्या फसफसतील. त्याला लाजू नका. डाव्या ओठाच्या कोपऱ्याला बोट टेकवून बोललात तर बरेच स्पष्ट येतात. मुलांना पहिल्याच तासाला सरळ सांगा, की बाईंच्या गालाची नस सुजली आहे, काही आठवडे तोंड असं दिसेल, दुखत नाही, आणि हे कुणाला लागत नाही. लहान मुलं एकदा टक लावून बघतात आणि मग विसरतात. मोठ्यांचं कुतूहल जास्त चिवट असतं, त्यांना हेच वाक्य पुन्हा सांगा. मास्क लावून दिवसभर लपण्यापेक्षा हे सोपं जाईल. मास्क लावलात तरी श्वासाची हवा वरून थेट डोळ्यावर येते, त्यामुळे वरची कड नाकाला घट्ट बसवा. फळा पुसण्याचं काम मुलांकडे द्या आणि पुसताना तुम्ही लांब उभ्या राहा, खडूची भुकटी त्या डोळ्यात नको.

वैद्यकीय रजा वाढवायची का, हे मी नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीवर सोडेन. कॉर्निया स्वच्छ असेल तर तुम्ही सोमवारपासून हजर व्हायला हरकत नाही. ओरखडे निघाले तर ते भरेपर्यंत, बहुधा थोडेच दिवस, घरी थांबा. आजारापासून सहा आठवडे झाले की रविवारचे व्हिडिओ घेऊन तालुक्याच्या त्याच डॉक्टरांकडे जा, गोळ्या का बंद केल्या ते मोकळेपणाने सांगा आणि पायरी पुन्हा लिहून घ्या. तीन महिन्यांच्या भेटीपर्यंत डोळा मिटत नसेल किंवा गाल आहे तिथेच असेल, तर त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन सोलापूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा.